पहिल्या पानाचे राजकारण



१९८४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. ब्रिटनमधील कोळसा-खाणकामगारांच्या संपाला दोन महिने होऊन गेले होते. लंडनच्या फ्लीट स्ट्रीट परिसरात ‘द सन’ या त्या देशातील सर्वाधिक खपाच्या दैनिकाच्या छापखान्यात १५ मेच्या अंकाचे पहिले पान सिद्ध होत होते. खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल एका सभेत समर्थकांना हात उंचावून अभिवादन करीत असतानाचे छायाचित्र त्या पानासाठी निवडण्यात आले होते. तो हात नाझी सलामीसारखा दिसावा, असा नेमका क्षण छायाचित्रात पकडलेला होता. सोबतचा मथळा होता ‘माइन फ्यूरर’. इंग्रजीत ‘माइन’ म्हणजे खाण आणि जर्मन भाषेत ‘माइन फ्यूरर’ म्हणजे ‘माझे नेते’, हिटलरला उद्देशून वापरले जाणारे संबोधन. दोन शब्द आणि एक चित्र. स्कारगिल हे हिटलर आहेत, असे वाक्य त्या पानावर कोठेही लिहिण्याची आवश्यकताच नव्हती.

हे पान छापले गेले नाही. छापखान्यातील सर्व कामगार शाखांनी ते हाताळण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवशी अंक निघाला तो मोठ्या अक्षरांतील एका निवेदनासह. स्कारगिल यांचे छायाचित्र व मुख्य मथळा हाताळण्याचे कामगारांनी नाकारल्यामुळे दोहोंवाचून अंक काढण्याचा निर्णय पत्राने नाइलाजाने घेतला आहे, असा त्याचा आशय होता.

या प्रसंगात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कामगारांचा आक्षेप होता तो चित्राला आणि मथळ्याला. बातमीचा मजकूर संपाला अनुकूल होता, असे मुळीच नव्हे. परंतु रोज रात्री आपल्या हातांनी पाने बांधणाऱ्या त्या माणसांना पक्के ठाऊक होते की विष असते ते मजकुरात नव्हे, तर मांडणीत. वृत्तपत्रांच्या पक्षपाताविषयी चळवळींत पुष्कळ बोलले जाते. मालक कोण, जाहिरातदार कोण, अग्रलेख कोणाच्या बाजूचा, याची चिकित्सा होते, आणि ती आवश्यकही आहे. तथापि पहिल्या पानाच्या रचनेचा विचार मात्र क्वचितच होतो. ती सजावटीची बाब समजली जाते. वस्तुतः ती राजकारणाची बाब आहे.

‘टॅब्लॉइड’ या शब्दाचा इतिहासच बोलका आहे. १८८४ साली बरोज वेलकम या औषध कंपनीने दाबून लहान केलेल्या आपल्या गोळ्यांसाठी हा शब्द व्यापारी नाव म्हणून नोंदविला. पुढे तो कोणत्याही आटोपशीर, चटकन गिळता येईल अशा वस्तूला लागू लागला आणि अखेर लहान आकाराच्या वृत्तपत्राला चिकटला. १९०१ सालच्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या पत्राचा एक अंक संपादित करण्याचा मान आल्फ्रेड हार्म्सवर्थ या ब्रिटिश वृत्तपत्र-सम्राटाला देण्यात आला. त्याने तो अंक निम्म्या आकारात काढला आणि विसाव्या शतकाचे वृत्तपत्र असे असेल, असे बजावले. गोळीच्या रूपातील बातमी ही कल्पना तेथून रूढ झाली.

तोपर्यंत बहुतेक इंग्रजी पत्रांचे पहिले पान बातम्यांचे नसे. ‘द टाइम्स’ने तर ३ मे १९६६ पर्यंत पहिल्या पानावर छोट्या जाहिरातीच छापल्या. याचे कारण उघड आहे. त्या पत्राचा ग्राहक ठरलेला होता. अंक त्याच्या घरी अथवा क्लबात पोहोचत असे. त्याला दारात अडवून भुरळ घालण्याची गरज नव्हती. टॅब्लॉइडची स्थिती अगदी निराळी. ते विकत घेतले जाई ते मुख्यतः कोपऱ्यावरच्या दुकानात, स्टेशनावर, कारखान्याच्या वाटेवर. फळीवर सहा-सात पत्रे शेजारी शेजारी मांडलेली, गिऱ्हाईक घाईत, आणि निर्णय दोन-तीन पावलांच्या अंतरावरून काही क्षणांत व्हावयाचा. अशा ठिकाणी पहिले पान हे वृत्तपत्राचे पान राहत नाही. ते भिंतीवरील जाहिरात-पत्रक बनते. या एका आर्थिक सत्यातून पुढचे सारे तंत्र निपजले आहे.

ते तंत्र थोडक्यात असे. मोठ्या आकाराच्या पत्रात पहिल्या पानावर आठ-दहा बातम्या असतात. त्यांच्या मथळ्यांच्या लहानमोठेपणावरून वाचक महत्त्वाची प्रतवारी लावतो. टॅब्लॉइडच्या पानावर बहुधा एकच विषय असतो. निम्म्याहून अधिक जागा मथळा व छायाचित्र व्यापतात आणि प्रत्यक्ष बातमीला पाच-दहा ओळी मिळतात. बाकीचा मजकूर आतल्या पानावर. मथळ्याची अक्षरे जाड, उंच, परस्परांना खेटून बसविलेली असतात. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांची उंची एकसारखी असल्यामुळे त्यांची सलग भिंत उभी राहते, आणि काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे उठविली की ती भिंत अंगावर येते. देवनागरीत अशी मोठी व लहान अक्षरे नाहीत. म्हणून मराठी पत्रांना आक्रोश करावयाचा तर टाइप वाढवावा लागतो किंवा लाल शाई वापरावी लागते. शब्द आखूड, बोलीतले आणि शक्यतो एकाच अवयवाचे असतात. नेत्यांना टोपणनावाने हाक मारली जाते. कोपऱ्यात पत्राच्या नावाची लाल पाटी असते, जिच्यामुळे या पत्रांना ‘लाल माथ्याची पत्रे’ असे नावच पडले. माथ्यावर बक्षिसांची, सोडतीची किंवा एखाद्या नटीच्या छायाचित्राची पट्टी असते. गंभीर बातमीच्या डोक्यावर बिंगोचे आमिष असते, आणि दोन्ही एकाच दमात वाचली जातात.

परंतु या सर्वांहून प्रभावी साधन आहे ते शेजाराचे. एखादे चित्र एखाद्या शब्दाजवळ ठेवले की वाचकाच्या मनात तिसराच अर्थ उमटतो. तो अर्थ छापलेला नसतो, म्हणून त्याचा खुलासा मागता येत नाही आणि त्यावर खटलाही सहजासहजी भरता येत नाही. चित्र कोठे कापले, पार्श्वभूमी ठेवली की पुसली, माणूस बोलत असताना तोंड उघडे आहे असा क्षण निवडला की शांत बसलेला निवडला, यांतून बाजू घेतली जाते. बाजू घेणारा मात्र ‘छायाचित्र तर खरे आहे’ असे म्हणण्यास मोकळा राहतो.

हे हत्यार मुळातच प्रतिगामी आहे, असे मानणे मात्र चूक ठरेल. १९०३ साली स्त्रियांसाठी निघालेले आणि पुढल्याच वर्षी सचित्र झालेले ‘डेली मिरर’ १९३० नंतरच्या दशकात कामगारवर्गाचे पत्र बनले, ते याच ठसठशीत मथळ्यांच्या आणि सोप्या भाषेच्या बळावर. ८ मे १९४५ रोजी, युरोपातील विजयाच्या दिवशी, त्या पत्रात फिलिप झेक यांचे एक व्यंगचित्र आले होते. उद्ध्वस्त रणभूमीवरून आलेला जखमी सैनिक विजय व शांततेची भेट पुढे करतो आहे आणि ती पुन्हा गमावू नका, असे सांगतो आहे. ५ जुलै १९४५ या मतदानाच्या दिवशी ‘मिरर’ने तेच चित्र पहिल्या पानावर पुन्हा छापले. त्या निवडणुकीत मजूर पक्षाला प्रथमच स्वतःचे बहुमत मिळाले. त्या विजयाची कारणे एका चित्राहून कितीतरी मोठी होती. पण लोकांच्या मनात जे होते, त्याला त्या पानाने आकार दिला, हे खरे. मुंबईत १९४१ साली रुसी करंजिया यांनी सुरू केलेले ‘ब्लिट्झ’ हेही याच आकाराचे आणि याच धाटणीचे साप्ताहिक. डावीकडे झुकलेल्या त्या पत्राने साम्राज्यशाही व भांडवलदार यांच्यावर मथळ्यांचे आसूड ओढले. त्याच पत्राने १९५९ च्या नानावटी खून खटल्यात आरोपीच्या बाजूने उघड मोहीम चालवून त्याला नायक बनविले. साधन तेच. ते कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या संयमाने वापरले जाते, हा खरा प्रश्न.

‘द सन’ची जन्मकथा या दृष्टीने उद्बोधक आहे. हे पत्र मूळचे ‘डेली हेरल्ड’, म्हणजे ब्रिटिश कामगार चळवळीचे स्वतःचे दैनिक. १९१२ साली ते नियमित सुरू झाले, १९२२ पासून त्याची सूत्रे कामगार संघटनांच्या महासंघाकडे आली आणि १९३३ साली वीस लाख खपाचा टप्पा त्याने इतर सर्वांच्या आधी गाठला. १९६४ साली ते बंद करून ‘द सन’ हे नाव देण्यात आले, तेव्हाही त्याचा खप बारा लाखांच्या वर होता. ‘द टाइम्स’च्या कितीतरी पट. मग ते टिकले का नाही? त्याचे वाचक गरीब आणि वयस्क होते, आणि असे वाचक जाहिरातदारांना नको होते, हे त्याचे एक मोठे कारण. १९६९ साली रुपर्ट मरडॉक यांनी ते विकत घेतले. १७ नोव्हेंबर १९६९ रोजी लॅरी लॅम्ब यांच्या संपादकत्वाखाली ते टॅब्लॉइड आकारात निघाले आणि १९७८ साली त्याने ‘मिरर’लाही मागे टाकले. १९७९ च्या निवडणुकीत त्याने आपल्या कामगार वाचकांना मार्गारेट थॅचर यांच्या पक्षाला मत देण्याचे आवाहन केले. घर कामगारांचे, वाचक कामगार, बोली कामगारांची. धोरण मात्र त्यांच्या संघटनांवर उलटलेले. हे स्थित्यंतर एका अग्रलेखाने झाले नाही. रोजच्या पहिल्या पानांनी ते दहा वर्षे घडवीत आणले.

त्या पानांचा कळस दोन प्रसंगी दिसला. २ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडविली. तीत ३२३ माणसे मेली. ४ मेच्या अंकाच्या पहिल्या आवृत्तीत ‘द सन’चा मथळा एका शब्दाचा होता : ‘गॉचा’. पाठशिवणीच्या खेळात मुलगा ‘पकडला रे पकडला’ म्हणून ओरडतो, त्या जातीचा हा शब्द. प्राणहानीचा अंदाज येऊ लागताच पुढील आवृत्त्यांत तो बदलण्यात आला. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो पहिलाच. युद्धाचे समर्थन करणारा लेख वाचून माणूस त्यावर वाद घालू शकतो. एका उद्गाराशी वाद घालता येत नाही. त्यात सामील व्हावे लागते किंवा देशद्रोही ठरावे लागते.

दुसरा प्रसंग याहून दारुण. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्याच्या वेळी लिव्हरपूलचे प्रेक्षक कुंपणात चेंगरले. या दुर्घटनेतील मृतांची संख्या पुढे ९७ झाली. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’च्या पहिल्या पानावर दोनच शब्द होते : ‘सत्य हेच’, अशा थाटाचे. त्याखाली तीन ओळी : काही प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांवर लघवी केली, काहींनी प्राण वाचविणाऱ्या शिपायाला मारले. या आरोपांचा उगम पोलिसांकडे होता आणि एका हुजूरपक्षीय खासदाराने त्यांना दुजोरा दिला होता. इतर पत्रांतही ते आले होते. परंतु तेथे ‘अमुक म्हणतो’ ही शब्दयोजना शिल्लक होती. संपादक केल्विन मॅकेन्झी यांच्या पानाने तीच काढून टाकली. मजकुरातील ‘आरोप’ मथळ्यात ‘सत्य’ झाला. मृतांचे आईबाप लिव्हरपूलमध्ये अंत्यविधीच्या तयारीत असताना दुकानांच्या फळ्यांवर ही अक्षरे उभी होती.

आरोप खोटे होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालाने पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशावर बोट ठेवले. सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलण्याचा प्रयत्न केल्याचे उघडकीस आणले, तेव्हा त्या पत्राने पहिल्या पानावर क्षमा मागितली. एप्रिल २०१६ मध्ये ज्युरीने त्या वेळी गणल्या गेलेल्या ९६ जणांचा मृत्यू बेकायदा मनुष्यवधाने झाला असा निर्णय दिला आणि प्रेक्षकांना निर्दोष ठरविले. खोटेपणा एका रात्रीत छापला गेला. तो पुसण्यास सत्तावीस वर्षे लागली. लिव्हरपूलच्या जनतेने मात्र अहवालांची वाट पाहिली नाही. तिने ते पत्र घेणेच सोडले, विक्रेत्यांनी ते ठेवणे सोडले, आणि हा बहिष्कार पुढील पिढ्यांनीही चालविला. कामगारांच्या एका शहराने पहिल्या पानाला दिलेले हे उत्तर चळवळीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

आता, या पानांनी निवडणुका जिंकल्या जातात काय? ९ एप्रिल १९९२ च्या मतदानाच्या दिवशी ‘द सन’ने मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचे डोके विजेच्या दिव्यात बसवून छापले. किनॉक निवडून आल्यास देश सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, असे सोबत सांगितले. किनॉक हरले. ११ एप्रिलला पत्राने विजयाचे श्रेय बोलभाषेतील मथळ्यात स्वतःकडे घेतले. पुढे २०१२ साली लेव्हसन चौकशीसमोर मरडॉक यांनीच तो मथळा अभिरुचीशून्य व चुकीचा होता असे सांगितले. एका दिवसाच्या एका पानाने मते फिरतात, हा दावा अभ्यासकांना सहजासहजी मान्य झालेला नाही. तो मानण्याचे कारणही नाही. पण पहिल्या पानाचे खरे सामर्थ्य निराळ्या जागी आहे. कशाविषयी बोलावयाचे, कोणाला हसावयाचे आणि कोणाला भ्यावयाचे, हे ते रोज ठरवून देते. शिवाय त्या पानाच्या भीतीने राजकीय पक्ष आपली धोरणे आधीच मुरडून घेतात. १९९२ नंतर मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी या पत्राची मर्जी संपादण्यासाठी जी धडपड केली आणि मार्च १९९७ मध्ये पत्राने टोनी ब्लेअर यांना पाठिंबा दिला, तो इतिहास या दृष्टीने वाचावा.

छापील टॅब्लॉइडचा सुवर्णकाळ सरला आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात चाळीस लाखांच्या वर खप असलेल्या ‘द सन’ने २०२० पासून आपल्या खपाचे आकडे प्रसिद्ध करणेच थांबविले. तथापि पहिले पान मेले नाही. ते दूरचित्रवाणीच्या वृत्त-आढाव्यांत आदल्या रात्रीच दाखविले जाते. मोबाइलच्या पडद्यावर चित्र होऊन फिरते. पैसे मोजून अंक घेणाऱ्यांहून ते पाहणारे कितीतरी अधिक असतात, आणि ते तर आतल्या पानावरील मजकूर कधीच वाचत नाहीत. ४ नोव्हेंबर २०१६ रोजी ‘डेली मेल’ने उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींची छायाचित्रे ओळीने छापून त्यांवर ‘जनतेचे शत्रू’ असा मथळा दिला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करण्यास संसदेची संमती हवी, असा निर्णय देणे एवढाच त्यांचा अपराध होता. निर्णयपत्र फार थोड्यांनी वाचले असेल. ते पान जगाने पाहिले.

१९८४ च्या त्या रात्रीकडे आता पुन्हा वळावयास हवे. तो नकार शक्य झाला, कारण संपादकाचे डोके आणि छापलेला कागद यांच्यामध्ये संघटित कामगारांचे हात होते. दोनच वर्षांत ते हात दूर करण्यात आले. जानेवारी १९८६ मध्ये मरडॉक यांनी आपली पत्रे वॉपिंग येथील नव्या, संगणकी छापखान्यात हलविली आणि संपावर गेलेल्या सुमारे साडेपाच हजार कामगारांना कामावरून काढून टाकले. वर्षभर कामगार तेथील दारांपुढे उभे राहिले. फेब्रुवारी १९८७ मध्ये लढा पराभवात संपला. नव्या यंत्रांना विरोध करून जुनी व्यवस्था अबाधित राहिली असती, असे नव्हे. छापखान्यातील कामगारांनी काय छापावे हे ठरविणेही निर्धोक नाही. आज तो नकार एका विखारी चित्राला मिळाला, उद्या तो एखाद्या गैरसोयीच्या सत्यालाही मिळू शकला असता. पण एवढे खरे की पान बनविणारा आणि पान विकणारा यांच्यामध्ये ‘हे करणार नाही’ असे म्हणणारे त्यानंतर कोणी उरले नाही. ती जबाबदारी आता वाचकावर येऊन पडली आहे.

वाचकाला दोष देऊन मात्र भागणार नाही. दिवसभर राबून आलेला माणूस मोठी अक्षरे पाहतो, याचा अर्थ तो मूर्ख आहे असा नव्हे. त्याच्या घाईची, थकव्याची आणि करमणुकीच्या भुकेची दखल टॅब्लॉइडने घेतली. त्याच्या हिताची पत्रे मात्र पुष्कळदा ठरावांच्या भाषेत, मुंग्यांएवढ्या अक्षरांत, एकामागून एक रकाने भरीत राहिली. सत्य रूक्षच असले पाहिजे, असा कोणताही सिद्धान्त समाजवादात नाही. झेक यांचे चित्र सोपे होते, मोठे होते, पहिल्या पानावर होते, आणि ते खोटे नव्हते.

कार्यकर्त्यांपुढे म्हणून दुहेरी काम आहे. आपले पत्रक, भित्तिपत्रक, साप्ताहिक लोकांना दुरून वाचता येईल असे काढणे, आणि मथळ्यात तेवढेच म्हणणे जेवढे मजकूर सिद्ध करू शकतो, हे पहिले. दुसरे काम वाचनाच्या शिक्षणाचे. अभ्यासवर्गात एखाद्या सकाळची चार-पाच पत्रे जमिनीवर शेजारी शेजारी मांडावीत. मथळा हाताने झाकून आधी मजकूर वाचावा. ‘असे कोण म्हणतो’ हे प्रत्येक विधानाला विचारावे. छायाचित्राच्या चौकटीबाहेर काय राहिले असेल याचा तर्क करावा, आणि कोणती बातमी कोणत्याच पहिल्या पानावर नाही, याची यादी करावी. एका तासाचे हे काम आहे. त्यासाठी ग्रंथालय लागत नाही, वक्ता लागत नाही. फ्लीट स्ट्रीटच्या कामगारांना जे वर्षानुवर्षे पाने बांधून कळले, ते अशा बैठकांतून कोणत्याही वस्तीतल्या वाचकाला कळू शकते.